बाळंतपणानंतर पोटाच्या मधोमध पडणारी फट: "पोट सुटलंय" म्हणून सोडून देऊ नका

कोरांटी | १९ जानेवारी, रात्री ११.५०

सगळ्यांना नमस्कार. मी एरवी वाचनमात्र असते, पण हे लिहिल्याशिवाय राहवेना.

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमाराला धाकटी रडली म्हणून मी गादीवरून उठायला गेले. झिरोचा दिवा चालू होता, गाऊनची बटणं दूध पाजताना उघडी राहिलेली. मान उचलली तशी पोटाच्या मधोमध, फासळ्यांच्या खालपासून बेंबीपर्यंत, कातडीखाली वरवंटा ठेवावा तसा लांबट उंचवटा वर आला. घाबरून डोकं परत उशीवर टेकलं, तर गेला. पुन्हा उचललं, पुन्हा आला. बाळ रडत होतं आणि मी पोटावर हात ठेवून तशीच पडून राहिले.

माझी थोडी माहिती देते. वय ३४. थोरला पाच वर्षांचा, सांगलीला माहेरी नॉर्मल झाला. धाकटी अकरा महिन्यांची, पुण्यात सिझर. ती जन्मली तेव्हा ३ किलो ६०० ग्रॅम होती. पाच महिन्यांतच माझं वजन गरोदरपणाआधी होतं तितकं झालं. हात-पाय, चेहरा सगळं पूर्वीसारखं, फक्त पोट सहाव्या महिन्यासारखं पुढे. सकाळी बरं असतं, संध्याकाळपर्यंत फुगत जातं. कंबर धरते. शिंक आली की पाय आवळून उभं राहावं लागतं, नाहीतर थेंबभर लघवी होतेच. परवा सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी वाण देताना हळूच विचारलं, "कितवा गं?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी घरी आले आणि साडी न बदलता तशीच बसून राहिले.

सव्वा महिन्याच्या तपासणीला गेले होते, तेव्हा टाके बघितले, बीपी बघितलं. पोटाबद्दल विचारलं तर "वजन कमी करा, चालायला लागा" एवढंच उत्तर मिळालं. पोटाला हात कुणी लावला नाही. मग मी मोबाईलवर बघून रोज तीस-तीस क्रंचेस मारायला लागले. दोन महिने मारले. पोट आणखी पुढे आल्यासारखं वाटतंय.

गेल्या आठवड्यात माझी मामेबहीण आली होती, ती फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने आडवं झोपवलं, बेंबीवर बोटं ठेवली, मान उचलायला लावली आणि म्हणाली, "ताई, इथे चार बोटं बसतायत. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात." पाच वर्षांत, दोन बाळंतपणांत हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

कुणाला याचा अनुभव आहे का? ही फट भरून येते का? मुलीला उचलून घेते, त्यानं वाढत असेल का? आणि दाखवायचं कुणाला?

शेवंता | २० जानेवारी, सकाळी ७.१५

कोरांटी, तुझं वाचून पोटात कालवलं. मी ६१ वर्षांची आहे, तू मला मावशी म्हण.

तुझं बाळंतपणात पोट बांधलं होतं का? आमच्या वेळी मालिशवाली बाई यायची. अंग चोळून, शेकून झालं की जुनेराचा लांब पट्टा घेऊन ओटीपोटापासून वर घट्ट गुंडाळायची. तो चाळीस दिवस सुटत नसे. सासूबाई म्हणायच्या, पोट बांधलं नाही तर वारा भरतो. आता सिझरच्या टाक्यांमुळे कुणी बांधू देत नाही, म्हणून मुलींची पोटं सुटतात असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं.

आणि एक, अकरा महिन्यांच्या लेकराला उचलायचं नाही तर कुणाला उचलायचं? तू स्वतःला दोष देऊ नकोस.

निळीशाई | २० जानेवारी, सकाळी १०.३०

माझं सहा महिन्यांपूर्वी सिझर झालं. सिझरमध्ये पोटाचे स्नायू कापतात म्हणून असं होतं, असं माझ्या नणंदेनं सांगितलं. खरं आहे का? नॉर्मल झालेल्यांना हा त्रास होत नाही का?

माझ्या योगाच्या ताई म्हणतात, नौकासन आणि कपालभाती कर, पोट आत जाईल. सुरू करू का?

पाऊलवाट | २० जानेवारी, रात्री १०.०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बारा वर्षं प्रामुख्याने गरोदर आणि बाळंतीण बायकांबरोबरच काम करते. दिवसभर धागा उघडून ठेवला होता, आता निवांत लिहिते. इथे लिहिलेलं वाचून कुणाचं निदान होत नाही, प्रत्यक्ष तपासणी लागतेच. पण समजून घेतलं तर भीती निम्मी होते.

पोटाच्या पुढच्या बाजूला, फासळ्यांपासून ओटीपोटाखालच्या हाडापर्यंत, दोन उभे स्नायू असतात, डावा आणि उजवा. त्या दोघांना मध्ये जोडणारी एक चिवट पांढरी पट्टी असते, लिनिया अल्बा. पोट वाढतं तसे दोन स्नायू बाजूला सरकतात आणि ही पट्टी रुंद आणि पातळ होत जाते. हे कापड फाटणं नाही, विरणं आहे. जुन्या लुगड्याचं पोत कसं विरतं, धागे असतात पण दाटपणा गेलेला असतो, अगदी तसं. मान उचलली की आतला दाब वाढतो, विरलेल्या पट्टीला तो पेलत नाही आणि ती वर उचलली जाते. कोरांटी, तुमचा वरवंटा म्हणजे ही पट्टी.

आता मुख्य गोष्ट. नवव्या महिन्यात हे अंतर जवळजवळ प्रत्येकीचं वाढतं. बाळाला जागा करून देण्याची शरीराची ती रीत आहे, आजार नाही. बाळंतपणानंतर पहिल्या आठेक आठवड्यांत ते आपोआप सर्वांत जास्त कमी होतं, नंतर वेग मंदावतो. नॉर्वेत पहिलटकरणींवर झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात ३०० जणी होत्या. सहाव्या आठवड्यात ६० टक्के बायकांमध्ये फट होती, सहाव्या महिन्यात ४५ टक्के, आणि वर्षानंतरही जवळपास ३३ टक्के. म्हणजे वर्षाच्या बाळाच्या दर तीन आयांमधली एक. आणि आपल्याकडे या तिसरीला सांगतात, चालायला लागा.

निळीशाई, सिझरबद्दलचा समज फार पसरलेला आहे. नेहमीच्या सिझरमध्ये कातडी, चरबी आणि स्नायूंवरचं आवरण कापतात. ते दोन उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. फट पडते ती नऊ महिन्यांच्या ताणाने, त्यामुळे नॉर्मल झालेल्यांनाही होते. जुळी, लागोपाठची बाळंतपणं यांत जास्त.

नौकासन आणि कपालभाती आत्ता करू नका. कोरांटींचे क्रंचेसही त्याच कारणासाठी थांबवा. या सगळ्यांत पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो त्या पातळ पट्टीवर आणि खाली ओटीपोटाच्या तळावर जातो. कायमची बंदी नाही. माझ्याकडच्या कितीतरी जणी वर्षभराने सूर्यनमस्कार घालतात. पण पहिला मजला बांधल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही. व्यायाम करताना मधोमध उंचवटा येतोय का, हे बघत जा. आला तर तो प्रकार अजून तुमच्यासाठी नाही.

शेवंतामावशी, पट्ट्याविषयी. पहिले काही दिवस पट्ट्याने आधार मिळतो, खोकताना-उठताना धीर येतो, सिझरनंतर तर वेदनाही कमी वाटतात. तेवढ्यापुरता तो चांगला. पण पट्टा स्नायूंना जवळ शिवत नाही. सोडला की ते जिथे होते तिथेच असतात. आणि करकचून आवळला तर दाब खाली जातो, गर्भाशय आणि मूत्राशयाला आधार देणाऱ्या स्नायूंवर, जे आधीच थकलेले असतात. वारा भरण्याशी त्याचा संबंध नाही. मात्र त्या पट्ट्याबरोबर एक मोठी गोष्ट येत होती: चाळीस दिवस बाळंतीण बाजेवर असायची, जड काही उचलायची नाही, अंगाला रोज कुणाचा तरी हात लागायचा. ती विश्रांती खरं काम करत होती.

तपासायचं कसं ते उद्या लिहिते, आता मुलाची शाळेची तयारी आहे.

पाऊलवाट | २१ जानेवारी, रात्री ९.४०

घरी बघायचं असेल तर असं बघा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवलेले, पावलं टेकलेली. एका हाताची बोटं बेंबीच्या जागी पोटावर ठेवा, बोटांची टोकं पायांकडे. हळू श्वास सोडत फक्त डोकं आणि खांदे जरासे उचला. बोटांच्या दोन्ही बाजूंना दोन कडा घट्ट होताना लागतील. त्यांच्यात किती बोटं मावतात ते मोजा. असंच बेंबीच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली करा. साधारण दोन बोटांपेक्षा जास्त अंतर असेल तर तज्ज्ञाला दाखवावं. नीट माप सोनोग्राफीवर येतं, बोटं प्रत्येकाची वेगळी असतात.

रुंदीइतकंच महत्त्वाचं दुसरं काही आहे, ते बहुतेक व्हिडिओ सांगत नाहीत. बोटांना खाली काय लागतं? बोट मऊ मऊ आत जातं की खाली ताण लागतो? तीन बोटांची फट असली आणि तळ घट्ट असला तर ती बाई पाण्याची कळशी आरामात उचलते. दीड बोटाची आणि पोकळ असली तर नाही. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना रोज रोज बोटं मोजू देत नाही. महिन्यातून एकदा पुरे.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर प्रत्येक कंबरदुखी या फटीमुळे नसते. नॉर्वेच्या त्या अभ्यासात फट असलेल्यांना कंबरदुखी जास्त असं आढळलं नाही. बाळाला पाजताना पाठीत वाकून बसणं, झोप नसणं, एकाच कमरेवर मूल घेणं, यांकडेही बघावं लागतं.

तांबडीमाती | २२ जानेवारी, दुपारी ३.२०

मी माण तालुक्यात आशा म्हणून काम करते. मोबाईलवरून लिहितेय, चुकलं तर समजून घ्या.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातो. बाळाचं वजन, ताप, दूध ओढतं का, आईला अंगावरून जास्त जातं का, ताप आहे का, हे सगळं फॉर्मवर असतं. पोटाच्या स्नायूंचा रकाना नाही. पाऊलवाट मॅडम, तुम्ही लिहिलंय तशी बायकांची पोटं मी शेकड्यानं बघितली आहेत. त्याला नाव असतं हे आज कळलं. आमच्याकडं "पोट उतरलं" म्हणतात आणि विषय संपतो.

आमच्याकडं चाळीस दिवस कुणाला मिळतात? ज्यांच्या माहेरी आई आहे त्यांना. बाकीच्या पंधराव्या दिवशी हापशावर. हापसा हापसताना सगळं अंग लावावं लागतं, मग भरलेली घागर कमरेवर. माझ्या पाड्यावर एक जण आहे, तिसरं मूल सात महिन्यांचं, तिचं पोट मधोमध पार दोन भाग झाल्यागत दिसतं. ती म्हणते घागर उचलताना बेंबी बाहेर येते. तिला काय सांगू? व्यायामाला वेळ नाही तिला, आणि ऊस तोडायला नवरा बाहेर गेलाय.

पाऊलवाट | २२ जानेवारी, रात्री ११.१०

ताई, तुमची पोस्ट या धाग्यावरची सर्वांत महत्त्वाची पोस्ट आहे.

आधी त्या बाईचं. बेंबी बाहेर येते म्हणजे बेंबीचा हर्निया असू शकतो, आणि तो वेगळा. फटीत पट्टी पातळ झालेली असते, भोक नसतं. हर्नियात पट्टीला प्रत्यक्ष भोक असतं आणि त्यातून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर येतो. तिला ग्रामीण रुग्णालयात सर्जनना दाखवायला घेऊन जा, या आठवड्यातच. आणि तिला हे पाठ करून ठेवायला सांगा: बाहेर आलेला गोळा झोपल्यावरही आत जाईना, दुखायला लागला, लाल किंवा काळपट झाला, उलट्या सुरू झाल्या, तर रात्र असो की पहाट, लगेच दवाखाना. त्यात थांबायचं नाही.

व्यायामाला वेळ नाही हे मी समजू शकते. तिला वेगळा वेळ नकोच आहे. तिला चूल फुंकता येते ना? फुंकणीतून फुंकर घालताना पोट आपोआप आत जातं, कमरेभोवती कुणी नाडी ओढल्यासारखं. तो आतला स्नायू आहे, कमरपट्ट्यासारखा पाठीपासून पोटापर्यंत वेढलेला. आम्ही दवाखान्यात तोच जागा करायला शिकवतो, फक्त फुंकणी नसते. तिला सांगा, घागर उचलायच्या आधी श्वास घे, आणि उचलताना फुंकणीत घालतात तशी हळू लांब फुंकर घालत उचल. श्वास कोंडून उचलायचं नाही. घागर अर्धी भर, दोन खेपा कर. हापसताना घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात मिळाला तर घे. अंथरुणातून उठताना सरळ ताडकन उठू नकोस, आधी कुशीवर वळ, मग हाताने रेटा देऊन उठ. याला एक मिनिटही जास्त लागत नाही आणि दिवसातून पंधरा वेळा पोटावरचा ताण वाचतो.

ऱ्हाइनकाठ | २३ जानेवारी, पहाटे २.३५

जर्मनीतून लिहितेय, कोलोनजवळ राहते. मूळची नाशिकची. मुलगा दोन वर्षांचा.

इथे आई येऊ शकली नाही, व्हिसाचा घोळ झाला. खूप रडले होते मी. पण इथली हेबामे, म्हणजे आपली सुईण, पण शिकलेली आणि परवाना असलेली, बाळंतपणानंतर बारा आठवड्यांपर्यंत घरी येते, तिचा खर्च आरोग्यविमा देतो. तिने दुसऱ्याच आठवड्यात पोटावर बोटं ठेवून बघितलं आणि "रेक्टुसडायस्टाझे" असं वहीत लिहिलं. मला काही मोठा आजार झाला असं वाटलं. तिने हसून सांगितलं, सगळ्यांनाच असतो, किती आहे ते बघत राहायचं. उठताना कुशीवरून, हे तिने पहिल्या दिवशीच हात धरून करवून घेतलं.

नंतर र्‍यूकबिल्डुंग नावाचा वर्ग असतो, शरीर पुन्हा जागेवर आणायचा. दहा तास विम्यातून मिळतात, बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत पूर्ण करावे लागतात. चटईवर दहा जणी, शेजारी दहा बाळं. पहिला अख्खा तास फक्त श्वास. मला वाटलं, यासाठी ट्रामने आले? तिसऱ्या तासाला खोकला आला तेव्हा पहिल्यांदा लघवी सुटली नाही.

इथेही बाळंतपणानंतरच्या दिवसांना जो शब्द आहे त्याचा अर्थ "आठवड्यांचं अंथरूण" असा होतो. आपल्या बाजेचीच बहीण. फक्त इथे त्याला पुढचा टप्पा जोडलाय. आपल्याकडे डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेक-शेगडी सगळं आहे, बाळंतिणीचे लाड आपल्याइतके कुणी करत नाही. सव्वा महिना झाला की मात्र ती एकदम सून होते, आणि पोटाचं कुणी बघत नाही.

विहीरवाट | २३ जानेवारी, सकाळी ८.५०

या धाग्यावर पुरुषाने लिहावं की नाही कळेना, पण लिहितो. बायकोनेच हा धागा दाखवला. तिचं सिझर होऊन दहा आठवडे झालेत, थोरली तीन वर्षांची आहे. मी काय करू शकतो, ते नेमकं सांगाल का? "आधार द्या" असं सगळे म्हणतात, त्याचा अर्थ कळत नाही.

पाऊलवाट | २३ जानेवारी, दुपारी १.३०

विहीरवाट, जरूर लिहा.

गादी जमिनीवर असेल तर पलंगावर घ्या. जमिनीवरून उठणं तिला सर्वांत जड जातं. थोरली "उचल" म्हणाली की तुम्ही उचला. तुम्ही नसाल तर आई खाली बसेल आणि ती मांडीवर चढेल, हे थोरलीला खेळासारखं शिकवा. पाण्याचा वीस लिटरचा जार, सिलिंडर, ओल्या कपड्यांची बादली ही आता तुमची कामं. पाजताना पाठीला आणि बाळाखाली उशी हवी, ती रात्री दोनलाही तुम्ही लावून द्या. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्यानं दिवसभराचा व्यायाम वाया जातो. पाणी, भाज्या, आणि शौचाला पायाखाली छोटा पाट. आणि रोज वीस मिनिटं बाळ पूर्णपणे तुमच्याकडे, म्हणजे तिला व्यायाम करता येईल. दार बंद करून. बाळ रडलं तरी.

समिधा | २४ जानेवारी, रात्री १२.१५

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे, तोही इथे असावा म्हणून लिहिते.

मला जुळी झाली. फट सहा बोटांची होती, खाली हात घातला तर आतडी हलताना बोटांना कळायची. पोटावर कातडी कागदासारखी. दीड वर्ष मनापासून फिजिओ केली. लघवीचा त्रास गेला, कंबर सुधारली, पण फट पाचाच्या खाली आली नाही आणि बेंबीला हर्निया होताच. शेवटी ऑपरेशन केलं. दोन्ही स्नायू मध्ये आणून टाक्यांनी शिवले, हर्नियाच्या जागी जाळी बसवली. सर्जननी आधीच स्पष्ट विचारलं होतं, आणखी मूल हवंय का? हवं असेल तर थांबा, कारण पुढच्या गरोदरपणात ते पुन्हा ताणतं.

पहिले दोन आठवडे मी कमरेत वाकून चालत होते. सहा आठवडे मुलांना उचलायची बंदी. दोन वर्षांची दोन मुलं हात वर करून उभी राहायची आणि मला खाली बसून त्यांना कवेत घ्यावं लागायचं. ते दिवस सोपे नव्हते. विमा कंपनीने हर्नियाचे पैसे दिले, स्नायू शिवण्याला "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया" म्हणून नाकारलं. याचं मला आजही दुःख आहे. मी सुंदर दिसायला गेले नव्हते, मला उभं राहून पोळ्या लाटायच्या होत्या.

ऑपरेशन करून मी समाधानी आहे. पण आधीच्या दीड वर्षाच्या व्यायामामुळेच मी लवकर सावरले, असं माझ्या सर्जननीही सांगितलं. तो वेळ वाया गेला नाही.

तांबडीमाती | ३१ जानेवारी, संध्याकाळी ६.४५

तिला घेऊन गेले होते. बेंबीचा हर्नियाच निघाला, लहान आहे, तारीख दिली आहे. सासू आधी नको म्हणत होती. मग मी सासूलाच खाटेवर झोपवून मान उचलायला लावली. तिच्या पोटावर पण वरवंटा. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, घेऊन जा तिला.

फुंकरीचं सांगितलंय. आता हापशावर चार-पाच जणी फुंकर मारत हंडे उचलतात.

कोरांटी | ८ जून, रात्री १०.२०

साडेचार महिने लिहिलं नाही, कारण काहीतरी झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

फेब्रुवारीपासून एका फिजिओथेरपिस्टकडे जाते. पहिल्या भेटीत त्यांनी पाऊण तास तपासलं. चालायला लावलं, मुलीला कसं उचलते ते बघितलं, पाजायला कशी बसते ते बघितलं. माझ्या कंबरदुखीचं निम्मं कारण पाजण्याच्या खुर्चीत निघालं. खाली उशी घेतल्यावर आठ दिवसांत फरक.

पहिला महिना जवळजवळ काहीच नव्हतं असं वाटलं. आडवं पडून श्वास. श्वास घेताना फासळ्या बाजूला उघडायच्या, सोडताना आधी खालून, लघवी रोखल्यासारखं वर ओढायचं, मग बेंबीखालचा भाग हलकेच आत. मग तेच करत एक टाच सरकवत पाय लांब करायचा आणि परत आणायचा. मग कंबर उचलणं. मग ओट्याला हात टेकून, मग गुडघ्यांवर. एप्रिलमध्ये हातात दोन किलोची पिशवी. प्रत्येक वेळी माझी बोटं पोटावर: उंचवटा येतोय का? आला की एक पायरी मागे. मध्ये दोन आठवडे मुलं आजारी होती, सगळं बंद पडलं. मला वाटलं पुन्हा शून्यापासून. तसं झालं नाही.

आजची स्थिती. बेंबीच्या वर चार बोटं होती, आता तीनला थोडी कमी. जानेवारीत तिथे बोट लोण्यात रुतावं तसं आत जायचं. आता खाली काहीतरी आहे, ताणून बांधलेल्या कापडावर बोट ठेवल्यासारखं. शिंक येते आणि मी उभी असते तशीच उभी राहते. पोट पूर्वीसारखं सपाट नाही, संध्याकाळी अजून थोडं पुढे येतं. पण पोट झाकायच्या साड्यांच्या घड्या मी आता वेगळ्या ठेवत नाही.

पाऊलवाट, तुम्हाला मनापासून नमस्कार.

सोनसळ | ९ जून, सकाळी ९.०५

अख्खा धागा एका बैठकीत वाचला. मला मूल नाही, प्रश्न आईसाठी आहे. ती ६४ वर्षांची आहे, आम्ही तिघी बहिणी. तिचं पोट आम्हाला आठवतं तेव्हापासून असंच आहे. आम्ही लहानपणी तिच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचो, मऊ लागायचं म्हणून. एवढ्या वर्षांनी काही होतं का?

पाऊलवाट | ९ जून, दुपारी २.१५

होतं. फट किती भरेल ते सांगता येणार नाही, पण ताकद कोणत्याही वयात वाढते. आधी सर्जनकडून हर्निया नाही ना, हे बघून घ्या. बीपी, साखर, गुडघे यांची माहिती फिजिओला द्या. सुरुवात श्वासापासूनच, तीही खुर्चीत बसून केली तरी चालेल. आणि लघवीचा त्रास आहे का, हे तुम्ही विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.

सोनसळ | १० जून, रात्री ८.३०

विचारलं. आहे. वीस वर्षांपासून. म्हणून ती लांबच्या एसटी प्रवासाला येत नाही, आम्हाला वाटायचं तिला गाडी लागते.

काल संध्याकाळी तिला झोपवून बोटं ठेवून बघितली. पाच बोटं. ती म्हणाली, "तुमच्या वेळचं आहे, त्यात काय बघायचं."

शुक्रवारी साडेअकराची वेळ मिळाली आहे. तिघी बहिणी जातोय तिच्याबरोबर.